लेकराचं वय काय?

गेले काही शनिवार-रविवार इथं डेटाबेस, कीबोर्ड आणि नांदेडचा उन्हाळा असल्या विषयांवर लिहून झालं. आज जरा वेगळं. विषय थोडा जड आहे, जमेल तेवढा हलका ठेवतो. चहा घेऊन बसा, लेख लांब होणार आहे.

तर मंडळी, गेल्या वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. निदान पुण्यात झालं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर तीन बैठका, लांबलचक प्रश्नावल्या, आणि एक बैठक फक्त आईबरोबर, माझ्या लहानपणाबद्दल. शेवटी हातात बारा पानांचा रिपोर्ट. त्यातलं बरंचसं मला माहीतच होतं, फक्त त्या सगळ्याला मिळून एक नाव आहे हे माहीत नव्हतं. असो. निदानाबद्दल आज लिहायचं नाहीये. लिहायचंय ते निदानानंतर काय होतं (किंवा होत नाही) त्याबद्दल. घर नांदेडला, आत्या लातूरला, आणि कंपनी महिन्यातले तीन आठवडे घरून काम करू देते. त्यामुळे पुढची मदत या दोन जिल्ह्यांत कुठंतरी मिळावी, एवढीच अपेक्षा होती.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, तिकीट उघडलं, तिकिटाला नंबर मिळाला, आणि त्याच क्षणी ते 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद झालं. मधलं काम कुणी केलंच नाही. (ऑटिझम हा बग नाही हे मला मान्य आहे. उपमा तेवढ्यापुरतीच घ्या. :-))

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच परत जातील. आपल्याकडे ऑटिझमची जी काही व्यवस्था आहे ती दोन टोकांचा विचार करून उभी राहिलीय. एका टोकाला लहान मुलं, दुसऱ्या टोकाला आयुष्यभर सांभाळावी लागणारी माणसं. मधे जी मोठी माणसं आहेत, म्हणजे नोकरी करणारी, नोकरी न टिकणारी, लग्न झालेली, लग्नाला घाबरलेली, त्यांचा विचारच झालेला नाही. आणि त्यांच्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. आहे त्याच व्यवस्थेत "आता पुढे काय?" हे सांगणारा एक माणूस हवा.

आधी शब्दाबद्दल थोडं. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मूळ शब्द ओयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचा, १९११ च्या सुमाराचा, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' वरून केलेला. आपण त्याचं इमानदारीत भाषांतर केलं. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनरने आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगरने ज्यांच्याबद्दल लिहिलं ती सगळी मुलं होती. लहान लेकराला स्वमग्न म्हटलं की कणव वाटते. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला म्हणून बघा. "स्वतःतच मग्न असतो" ही सरळसरळ तक्रार होते.

आणि तक्रारीचे शब्द मराठीत आधीपासून काय कमी आहेत? घुम्या, एककल्ली, हेकट, माणूसघाणा, तिरसट, शिष्ट. आमच्याकडे पाहुणे म्हणायचे, "पोरगं हुशार हाय, पण लई शिष्ट हाय." यातला प्रत्येक शब्द स्वभावाचा दोष सांगतो, आणि दोष म्हटला की तो सुधारायची जबाबदारी तुमची. निदानाचा पहिला उपयोग इथं होतो. बारा पानांनी मला सांगितलं की कुकरच्या शिट्टीने डोकं फुटायची वेळ येते, हळदी-कुंकवाच्या गर्दीत शब्द सुचत नाहीत, फोन वाजला की पोटात गोळा येतो, याला शिष्टपणा म्हणत नाहीत.

पण हे घरच्यांना कोण सांगणार? रिपोर्ट इंग्रजीत. वडिलांनी विचारलं, "म्हंजे डोक्याचं काही हाय का?" आत्याचं उत्तर तर तयारच होतं, "अरे बाळा, लग्न कर, सगळं सुधरतंय." दोघांचाही हेतू चांगला. पण मोठ्या माणसाच्या ऑटिझमवर घरच्यांना देता येईल असं दोन पानी मराठी पत्रक मी शोधलं, ते मिळालं नाही. जे मिळालं त्यावर रंगीत ठोकळे आणि हसरी बाळं.

"इतकी वर्षं कळलं कसं नाही?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. माझं उत्तर जरा वेगळं आहे, आणि लातूर-नांदेडच्या लोकांना ते लगेच पटेल. आपल्याकडची शिकण्याची पद्धतच अशी आहे की ऑटिझम असलेलं हुशार पोर त्यात सापडतच नाही. लातूर पॅटर्न घ्या, किंवा नांदेडचे क्लासेस. पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेलं वेळापत्रक. तोच बेंच, तोच डबा, तेच तीन विषय. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. गप्पा मारणं हा गुन्हा. कुणाशी न बोलता एकाच गोष्टीत सहा तास डोकं घालणाऱ्या पोराला इथं 'एकाग्र' म्हणतात आणि त्याचा फोटो बॅनरवर लावतात. माझ्यासाठी ती दोन वर्षं आयुष्यातली सर्वात सोपी होती. गंमत नाही करत, खरंच. खरा त्रास सुरू झाला तो बारावीनंतर. वेळापत्रक गेलं, हॉस्टेल आलं, ग्रुप प्रोजेक्ट आले, आणि पुढे ऑफिसात "जरा बघून घे रे ते" असल्या सूचना आल्या. काय बघू? किती बघू? कधीपर्यंत? मार्क चांगले होते तोवर कुणाला शंका आली नाही, आणि मार्कांचा उपयोग संपला तेव्हा शंका घ्यायला कुणी जवळ नव्हतं.

मुलींचं तर याहून अवघड. गप्प मुलगी आपल्याकडे गुणी ठरते. तिचं खरं अवघड होतं सासरी गेल्यावर, जिथं रोज पंधरा माणसांची मर्जी न सांगता ओळखावी लागते. तिला शिष्ट नाही, 'माहेरचं वळण नाही' म्हणतात.

आता व्यवस्थेकडे वळू. मला नक्की काय हवं होतं? मी यादी केली होती (अर्थातच). एक, घरच्यांना मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी. दोन, आवाज आणि उजेडाचा त्रास कमी कसा करायचा हे सांगणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तीन, मोठ्या माणसांचा ऑटिझम माहीत असलेला समुपदेशक. चार, ऑफिसला देता येईल असं एक पत्र. पाच, माझ्यासारखी आणखी चार माणसं. यातलं काहीही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलाशिवाय होणार नाही असं नाही.

दोन्ही जिल्ह्यांत काहीच नाही असंही नाही. लातूरला उमंग हे ऑटिझमसाठीचं केंद्र आहे. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संवेदना आहे. जरा लांब, छत्रपती संभाजीनगरला आरंभ आहे. मराठवाड्यात अशी कामं उभी करणं किती कठीण आहे हे वेगळं सांगायला नको. पण या कामांच्या मध्यभागी मूल आहे, आणि ते साहजिक आहे. सरकारी बाजूलाही तेच. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम घ्या. शाळा-अंगणवाड्यांत तपासणी, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याचं केंद्र. त्याच्या यादीत ऑटिझम आहे. वयोमर्यादा जन्मापासून अठरा वर्षं. अठराव्या वाढदिवसाला ती फाइल कुठं जाते? कुठंच जात नाही.

मी चार-पाच ठिकाणी फोन केले. (फोन करणं माझ्यासाठी काय असतं ते वर सांगितलंच आहे.) एका खासगी थेरपी सेंटरमधला संवाद जसाच्या तसा देतो.

"ऑटिझमसाठी चौकशी करायची होती."

"हो, बोला की. लेकराचं वय काय?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस महिने का?"

"वर्षं."

थोडा वेळ शांतता. मग अगदी आपुलकीने, "मग दादा, आता काय करायचं राहिलंय?"

बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. त्यांच्या डोक्यात, आणि आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात, ऑटिझम म्हणजे शाळेत घालायच्या आधी दुरुस्त करायची गोष्ट. मुदत संपली की विषय संपला.

मग कायदा वाचायला घेतला. कायदे आणि डॉक्युमेंटेशन वाचणं हा माझ्या आवडीचा प्रकार आहे, त्यामुळे एक अख्खा रविवार त्यात गेला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला, पण त्या कायद्याची मुख्य काळजी होती 'आमच्यामागे याचं कसं होणार' ही आईवडिलांची. म्हणून त्यात पालकत्व ठरवणारी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती आहे, राहण्याची सोय करणारी घरौंदा योजना आहे, एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा आहे. ही काळजी शंभर टक्के खरी आहे. फक्त तिच्यात मोठा माणूस दिसतो तो कुणीतरी सांभाळायचा माणूस म्हणून.

मग आला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. सातावरून एकवीस दिव्यांगत्वं झाली, त्यात ऑटिझमही. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण, त्यातल्या शेवटच्या एका टक्क्यात ऑटिझमला इतर काही प्रकारांबरोबर वाटा. छान. पण जवळजवळ प्रत्येक लाभाच्या दारात एक आकडा उभा आहे, चाळीस टक्के.

ऑटिझमचे टक्के मोजतात कसे? त्यासाठी आपल्या देशात 'इसा' नावाची मोजपट्टी आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. म्हणजे कमीत कमी चाळीस, जास्तीत जास्त दोनशे. सत्तरच्या खाली आलात तर ऑटिझम नाही. आणि केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये जाहीर केलेल्या तक्त्यानुसार बरोबर सत्तर गुणांना चाळीस टक्के. प्रोग्रामरच्या नजरेला इथली मेख लगेच दिसेल. तक्ता सुरूच चाळीस टक्क्यांपासून होतो. त्याच्या खाली पायरी नाही. एक तर तुम्ही चाळीस टक्के दिव्यांग आहात, नाही तर तुम्हाला ऑटिझमच नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी चाळीसच्या आतल्यांसाठी पांढरं यूडीआयडी कार्ड ठेवलंय, पण या तक्त्याने मोजलेल्या ऑटिझमवाल्याला त्या पांढऱ्या कार्डापर्यंत पोचायला वाटच नाही.

आणि प्रश्न? नजरेला नजर देतो का, एकटाच तेच तेच खेळ खेळतो का, आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, अशा धर्तीचे. वाचले की समोर लेकरू धरून लिहिलेत हे कळतं. मी नजरेला नजर देतो. कारण मी ते शिकलोय. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, तीन सेकंदांनी बाजूला बघायचं, परत यायचं. माझं बोलणं ऐकून तुम्हाला शंकाही येणार नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी अंधार करून दोन तास पडलेला असतो, ते बघायला बोर्ड येत नाही. मोजपट्टी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्यासाठी केली त्याला ती बसते. पण शाळेच्या गणवेशात मोठा माणूस कोंबायचा, आणि बटण लागत नाही म्हणून तो माणूसच नाही म्हणायचं, हे कसं चालेल?

इथं सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असलेले बरे. पहिला ११ फेब्रुवारी २०२१ चा, विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो चाळीस टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. न्यायालयाने सांगितलं की आरक्षणासाठीची चाळीस टक्क्यांची अट वेगळी आणि अडचण दूर करण्यासाठी लागणारी वाजवी सोय वेगळी. सोय मागायला चाळीस टक्के असलेच पाहिजेत असं नाही. दुसरा ऑक्टोबर २०२४ चा, ओंकार गोंड यांचा. महाराष्ट्रातलं एमबीबीएस प्रवेशाचं प्रकरण. तिथं उलटी अडचण होती, टक्के जास्त भरले म्हणून प्रवेश नाकारला होता. न्यायालय म्हणालं, नुसता आकडा बघून अपात्र ठरवू नका, हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा. दोन्हींचं सार एकच. टक्के हा कारकुनीच्या सोयीचा आकडा आहे. माणसाला काय जमतं आणि कशात मदत लागते, हे त्यातून कळत नाही.

माझ्या ऑफिसचंच उदाहरण देतो. २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीला दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी त्यात लिहाव्या लागतात. आमच्याकडे धोरण होतं. रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह. एचआरने विचारलं, कार्ड आहे का? कार्ड नाही. मग सिस्टीममध्ये नोंद करता येत नाही. शेवटी मी मॅनेजरशीच बोललो. मागण्या चार. काम तोंडी न सांगता लिहून द्या. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी पाठवा. ऑफिसला आलो की कोपऱ्यातली जागा द्या. हेडफोन लावले म्हणून उद्धट समजू नका. तो म्हणाला, "एवढंच?" कंपनीला आलेला खर्च शून्य रुपये. हेडफोन माझेच होते.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की तुझं काम! झालं. कारण माझ्याकडे पगार आहे, इंग्रजी आहे, पुण्याला महिन्यातून एकदा जाता येतं, आणि मॅनेजर भला आहे. यातलं एक जरी नसतं तर?

लातूरचा माझा एक मित्र आहे. एम.कॉम. आकडेमोडीत आमच्या सगळ्यांचा बाप. सहा वर्षांत चार नोकऱ्या गेल्या, सगळ्या काउंटरवरच्या. गिऱ्हाईक मोठ्याने बोललं की त्याचं सगळं बंद पडतं. साहेबाने "दोन मिनिटांत ये" म्हटलं की तो घड्याळ बघून दोन मिनिटांत जातो आणि दारात उभा राहतो. माझा रिपोर्ट त्याने तीनदा वाचला आणि म्हणाला, "हे तर माझंच लिहिलंय की." त्याला पुण्याला पाठवायचं तर रात्रीची ट्रॅव्हल्स, तीन फेऱ्या, तपासणीची फी, आणि सोबत आई. नांदेडची बरीच माणसं उपचाराला हैदराबाद जवळ करतात. पण मोठ्या माणसाचं निदान त्याच्या लहानपणावर उभं असतं, आणि ते लहानपण आई सांगणार. "ह्ये लेकरू तोंडाकडं बघायचंच नाही हो, निस्तं पंख्याकडं बघायचं," हे माझ्या आईने पुण्यात जसं सांगितलं तसं ती हिंदीत सांगू शकली असती का? मला शंका आहे. आणि समजा मित्राचं निदान झालंच, तर पुढे काय? नोकरी परत मिळेल? आई घुम्या म्हणायचं थांबेल?

आकडा किती मोठा असेल? जागतिक आरोग्य संघटना २०२१ सालासाठी साधारण १२७ माणसांत एकाला ऑटिझम असा अंदाज देते. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहेतीस लाखांच्या आसपास, लातूरची साडेचोवीस. तेच प्रमाण धरलं तर दोन्ही मिळून पंचेचाळीस हजार. त्यातली मोठी किती, हे तुम्हीच ठरवा. त्या जनगणनेत ऑटिझमचा वेगळा रकानाच नव्हता, त्यामुळे मोजून दाखवायची सोय नाही. एमएच २४ आणि एमएच २६ च्या गाड्यांची संख्या आरटीओ सांगेल, या माणसांची कुणी सांगणार नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "आधी लहान मुलांनाच पुरत नाही, तुमचं मोठ्यांचं काय घेऊन बसलात?" आक्षेपात तथ्य आहे. एका थेरपिस्टच्या दारात मी आणि तीन वर्षांचं लेकरू उभे असलो तर आधी त्या लेकराला आत घ्या, मी बाहेर थांबतो. पण मी थेरपिस्टच्या त्या तासावर हक्क सांगतच नाहीये. मला हवंय ते बहुतेक वेळा माहिती, एक पत्र आणि वर्षातून दोन-तीन भेटी. शिवाय आज जे लेकरू उमंगला जातंय ते काही वर्षांत अठरा वर्षांचं होणारच आहे. त्याच्यासाठी पुढचं स्टेशन बांधून ठेवायला नको?

दुसरा आक्षेप, "आजकाल रील बघून कुणीही उठतं आणि म्हणतं मला ऑटिझम आहे." असं होतं, खरं आहे. पण त्याचा इलाज काय? जिल्ह्यात नीट तपासणी मिळाली तर ज्याला नाही त्याला 'नाही' असं जबाबदारीने सांगणारं कुणीतरी भेटेल. तपासणीच मिळत नाही म्हणूनच माणसं रीलवर जातात.

मग करायचं काय? माझ्या मते चारच गोष्टी, आणि चारही आजच्या व्यवस्थेत बसतात.

पहिली, अठराव्या वर्षी फाइल बंद करू नका, पुढे पाठवा. बालकांच्या जिल्हा केंद्राकडून मोठ्यांच्या मानसोपचार ओपीडीकडे. आम्ही प्रोजेक्ट दुसऱ्या टीमला देताना हॅन्डओव्हर नोट लिहितो, तेवढंच.

दुसरी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक सोशल वर्करचं पद असतं. नांदेड, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. महिन्यातला एक दिवस या सोशल वर्करने मोठ्यांच्या ऑटिझमसाठी ठेवावा. हातात एक यादी: तपासणी कुठे, प्रमाणपत्र कसं, निरामय कसा भरायचा, आयकरात जुन्या पद्धतीने ७५ हजारांची वजावट कुणाला मिळते, मालकाला पत्र कसं लिहायचं. आणि घरच्यांना समोर बसवून अर्धा तास मराठीत बोलणं. टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. तिथल्या माणसाच्या हातातही हीच यादी असावी.

तिसरी, मोठ्या माणसाला मोजताना दैनंदिन कामकाज बघा. खेळ कसा खेळतो हे नको, किती नोकऱ्या टिकल्या, बँकेत एकटा जातो का, गर्दीनंतर काय होतं, हे विचारा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, देशात पहिला म्हणून त्याचं कौतुकही झालं. मोजपट्टी बदलणं केंद्राच्या हातात आहे, पण त्यासाठी पाठपुरावा करणं या विभागाचं काम आहे.

चौथी, मालकांनी कार्डाच्या आधी गरज विचारावी. ही सूचना फक्त आयटी कंपन्यांना नाही. अडत दुकान, पतसंस्था, कोचिंग क्लास, सगळ्यांना. माझ्या लातूरच्या मित्राला काउंटरवरून उचलून मागच्या खोलीत हिशेबाला बसवलं असतं तर पहिल्याच नोकरीत तो आज हेडक्लार्क असता.

कॅनरच्या १९४३ च्या लेखातला पहिला मुलगा होता डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. तो गावातच राहिला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर फिरला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. बँकेत घरच्यांचा हिस्सा होता, हे विसरून चालणार नाही. पण गावाला तो जसा आहे तसा माहीत होता आणि चालत होता, हेही तितकंच खरं. आपल्याही गावात असं एखादं माणूस असायचंच, सगळ्या एसट्यांच्या वेळा तोंडपाठ असलेलं, आणि गाव त्याला सांभाळून घ्यायचं. आता नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'उत्तम संवादकौशल्य आवश्यक' असतं, आणि गाव नांदेड-लातूरच्या वन बीएचकेत राहायला आलंय. जे काम गाव न सांगता करत होतं ते आता कुणाला तरी नेमून द्यावं लागेल.

लातूरला 'पुनर्वसन' शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अख्खी गावं उचलून दुसरीकडे वसवलेली या जिल्ह्याने पाहिलीत. आम्हाला कुठं हलवायचं नाहीये. आहोत तिथंच, आहोत तसंच नीट राहता यावं, इतकंच.

असो, फार लांबलं. पुढच्या महिन्यात लातूरला जातोय. आत्याकडे जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला घेऊन सरकारी मानसोपचार ओपीडी. केसपेपर काढू, रांगेत बसू, आणि एकच प्रश्न विचारू: याचं वय एकतीस आहे, याला तपासायचंय, आणि तपासल्यावर पुढे काय ते सांगा. सोबत वरच्या चार गोष्टींचं मराठीत टाइप केलेलं एक पान नेणार आहे, ते तिथंच ठेवून येईन. काय उत्तर मिळतं ते इथं लिहीनच.